उघड्यास वस्त्र

कडाक्याच्या थंडीची रात्र होती. झेलम नदीच्या काठी एक तरुणी आणि तिचा भाऊ उघड्यावर मुक्कामास होते. त्यांच्यापाशी कांबळे नव्हते की जाड वस्त्र नव्हते. अखेर त्यांनी काठावर दोन खड्डे खणले. त्यांत निजून, केवळ डोके बाहेर ठेवून, दोघांनी सर्वांगावर कोरडी वाळू ओढून घेतली. तीच त्या रात्रीची त्यांची पांघरुणे!

ही तरुणी म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले. आईने तीच विद्या रमाबाईंस दिली. परंतु दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत झाली. रमाबाई सोळा वर्षांच्या असताना आईवडील निवर्तले. मग बहीणभावांनी अन्नवस्त्रावाचून पायी देश पालथा घातला.

१८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा रमाबाई पुण्यास शारदा सदन चालवीत होत्या. वार्ता कानी येताच त्यांना आपले दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. पुण्यात प्लेग होता. म्हणून त्या मुलींची सोय केडगाव येथील शेतात करण्यात आली. तेथेच ख्रिस्ती धर्मसेवेच्या भावनेने चालणारे ‘मुक्ती’ सदन उभे राहिले. १९०० सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एकीला दोनच वस्त्रे म्हटली, तरी दोन हजार जणींना चार हजार वस्त्रे हवीत! शिवाय वस्त्रे फाटतात आणि मुले वाढतात. केवळ दानावर हे कसे भागावे? रमाबाईंनी अक्षरओळखीबरोबर मुलींच्या हातांना उद्योग दिला. शेती, विणकाम, शिवणकाम, छापखाना अशी कामे मुक्तीत सुरू झाली. पोरक्या म्हणून आलेल्या मुली आता स्वतः राबू लागल्या.

लहान मुलाचे झबले शिवण्यास मोठी कला लागत नाही. कापडाची घडी घालावी, गळा व बाह्या बेतून कापाव्यात, दोन्ही बाजू शिवाव्यात आणि कडा दुमडून तुरपाई करावी. आत थोडा दाब सोडला, म्हणजे मूल वाढल्यावर शिवण उसवून तेच झबले मोठे करता येते. टाका मात्र बारीक व घट्ट हवा. ‘गरिबाचेच तर आहे’ असे म्हणून घातलेला सैल टाका पहिल्याच धुण्यात उसवतो आणि मूल पुन्हा उघडे पडते.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. केडगावची त्यांची संस्था आजही निराधारांचा सांभाळ करीत आहे. ज्यांनी वाळू पांघरून रात्र काढली, त्यांनाच वस्त्राचे मोल खरे कळले. आणि ते कळल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत.

प्रश्न
१. रमाबाई व त्यांचा भाऊ यांनी थंडीपासून रक्षण कसे केले?
२. रमाबाईंनी मुलींना उद्योग का शिकविला?
३. सैल टाक्याने कोणाचे नुकसान होते?