पाठ : तलाठ्याचे क्रांतिसिंह झाले



घरातल्या थोरल्या माणसांना विचारा, १९६७ साली आपल्या बीडमधून खासदार कोण झालं होतं? उत्तर आहे, क्रांतिसिंह नाना पाटील. माणूस मूळचा आपल्याकडचा नव्हे. जन्म ३ ऑगस्ट १९०० चा, येडेमच्छिंद्र गावचा. तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली.

शेतकऱ्याचं पोर, तलाठी झालं. त्या काळी तलाठ्याला गावात केवढा मान! पण १९३० च्या चळवळीत नानांनी नोकरी सोडली, तुरुंग भोगला. १९४२ ला ते भूमिगत झाले. इंग्रजांना शेवटपर्यंत सापडले नाहीत.

१९४३ पासून नाना आणि साथीदारांनी साताऱ्याच्या गावागावांत 'प्रतिसरकार' चालवलं. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तिकडे गावची भांडणं कोर्टात न नेता गावातच, सगळ्यांसमोर मिटायची. दरोडेखोरांना आणि जाच करणाऱ्या सावकारांना वचक बसला.

यात बायकाही होत्या. नानांची मुलगी हौसाबाई निरोप पोचवायची. एकदा पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोचं खोटं भांडण रंगवलं, त्यात हौसाबाई बायको झाली. पोलीस तिकडे गुंतले, साथीदारांनी बंदुका पळवल्या.

आणखी एक काम आपल्या जवळचं आहे, ते म्हणजे 'गांधी विवाह'. हुंडा नाही, मानपान नाही, थोडक्यात लग्न. इंग्रजांशी लढणाऱ्यांना लग्नाची काय पडली होती? कारण साधं आहे. लग्नासाठी कर्ज, कर्जापायी जमीन गहाण, मग सावकारापुढे मान खाली. ज्याची जमीन गहाण, तो मोकळेपणी बोलणार कसा?

पुढे १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून नाना लोकसभेत गेले. ६ डिसेंबर १९७६ ला ते वारले.

ताईंनो, लग्नाचं कर्ज आपल्याही घरात आहे. एकटी बाई "मानपान नको" म्हणाली तर भावकी नावं ठेवते. दहाजणींनी मिळून ठरवलं, तर तिला आधार होतो.

बैठकीत बोलू या
१. गटाची वही उघडा. गेल्या वर्षी धंद्यासाठी किती कर्जं दिली, लग्नासाठी किती?
२. लग्नातला कोणता खर्च टाळला तर कुणाचंच अडणार नाही?
३. त्यावर आपण एक ठराव लिहू शकतो का? पहिली सही कोण करणार?