पोटगीच्या खर्चाचा हिशेब

प्रश्न : पिंपळे गुरवमध्ये राहणाऱ्या, चाकणच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या विभक्त पित्यास मुलीच्या पोटगीचा दरमहा हिशेब मागता येतो का?

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने पोटगीत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण व औषधोपचार येतात, आणि घरभाडे, वीजबिल, दूध यांतील मुलीचा वाटा वेगळा काढणे व्यवहारात अवघड असल्याने पावत्यांनिशी मासिक हिशेब देण्याचे बंधन मातेवर सरसकट घातलेले नाही. तथापि, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून पुढे गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र, म्हणजे उत्पन्न, कर्ज व खर्च यांचे शपथेवरील विवरण, देणे आवश्यक ठरवले. त्यामुळे मुलीच्या गरजांची छाननी रक्कम ठरतानाच करून घेता येते. पुढेही शंका राहिल्यास फी थेट शाळेत भरण्याची अट परस्परसंमतीने घालून घ्यावी, किंवा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खालील आदेश असल्यास त्यात बदल मागावा. मात्र हिशेब मिळत नाही म्हणून पोटगी परस्पर थांबवू नये, कारण थकबाकीपोटी सक्तीची वसुली आणि प्रसंगी कारावासही होऊ शकतो.