शून्यावरची जोड-तोड : इंडक्शन शेगडी आणि विजेच्या गाडीमागील तंत्र

प्रस्तुत लेखाचा विषय तांत्रिक परिभाषेत सांगायचा तर 'पॉवर कन्व्हर्टरमधील सॉफ्ट स्विचिंग' असा आहे. नाव ऐकूनच पान उलटावे असे अनेकांना वाटेल. परंतु ज्या वस्तूंच्या पोटात हे तंत्र बसलेले आहे, त्या वस्तू आता मुलचेऱ्याच्या बाजारपेठेपासून आतल्या टोल्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. इंडक्शन शेगडी ही त्यातील एक आणि विजेवर चालणारी गाडी ही दुसरी. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेच्या खतावणीत रमलेले. तरीसुद्धा हा विषय समजावून घेणे आम्हाला आवश्यक वाटले. त्याचे कारण आधी सांगतो.

विषयाची आवश्यकता

आपल्या भागात चुलीचे जळण जंगलातून येते आणि ते बहुतांशी बायाच डोक्यावरून आणतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघाचे भय किती खरे आहे, हे येथील वाचकांना सांगायला नको. गॅसचा सिलिंडर संपला आणि नवा घ्यायला हाती पैसा नसला, की पुन्हा कोयता आणि दोरी घेऊन जंगलाची वाट धरावी लागते. अशा घरात दीड-दोन हजार रुपयांची इंडक्शन शेगडी आली, तर तो मोठाच आधार असतो. पण ती शेगडी सहा महिन्यांत बंद पडते, दुरुस्त करून आणली तरी आठ दिवसांत पुन्हा जळते आणि शेवटी माळ्यावर जाते. शेगडी माळ्यावर गेली, की बाई परत जंगलात जाते. वस्तू गावात आली, परंतु तिचे ज्ञान मागे शहरातच राहिले, हे याचे एक मोठे कारण होय. म्हणून या यंत्राच्या पोटात काय घडते, ते आपण क्रमाने पाहू.

स्विच नेमका केव्हा तापतो?

घरातील पंख्याचे बटन बंद करताना कधी कधी आत बारीक ठिणगी दिसते. आपल्या विषयाचे मूळ या ठिणगीत आहे.

बटन पूर्ण चालू असताना त्यातून प्रवाह वाहतो, पण त्याच्या दोन टोकांमध्ये विद्युतदाब म्हणजे व्होल्टेज जवळजवळ नसते. बटन पूर्ण बंद असताना व्होल्टेज असते, पण प्रवाह नसतो. उष्णता ही या दोहोंच्या गुणाकारातून होते. गुणाकारातील एक संख्या शून्य असली, की उत्तरही शून्य येते. म्हणजे पूर्ण चालू आणि पूर्ण बंद या दोन्ही स्थितींत बटन थंड राहते. मात्र चालूतून बंद होताना किंवा बंदातून चालू होताना मध्ये एक निमिष असे येते, की व्होल्टेजही असते आणि प्रवाहही असतो. त्या निमिषात वीज वाया जाते आणि तिची उष्णता होते.

पंख्याचे बटन दिवसातून चार वेळा दाबले जाते, त्यामुळे त्याला काही होत नाही. शेगडीतील बटन मात्र सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा उघडझाप करते. अर्थात ते हाताने दाबायचे नसून सिलिकॉनपासून बनवलेले इलेक्ट्रॉनिक बटन असते. आपण एक उदाहरण सोडवू. समजा व्होल्टेज ३०० आहे, प्रवाह १० अँपिअर आहे आणि उघडझापीला मिळून अर्धा मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा वीस लाखावा भाग लागतो. दाब आणि प्रवाह यांचा चढ-उतार सरळ रेषेत धरला, तर गुणाकाराचा निम्मा भाग घ्यावा लागतो. हिशेब केला असता प्रत्येक उघडझापीत ०.७५ मिलिज्यूल ऊर्जा वाया जाते. सेकंदाला ५० वेळा उघडझाप केल्यास नुकसान ०.०४ वॅटदेखील होत नाही. २५,००० वेळा केल्यास ते १८.७५ वॅट होते आणि एक लाख वेळा केल्यास ७५ वॅट. सोल्डरिंग करण्याचे साधे आयर्न २५ वॅटचे असते. अशी तीन आयर्नची उष्णता नखाएवढ्या तुकड्यात साठू लागली, तर त्या तुकड्याचे काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मग इतक्या वेगाने उघडझाप करायचीच कशाला, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की माणसाच्या कानाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. शेगडी त्याखाली चालवली तर भांडे शिटी वाजवू लागेल. दुसरे असे, की वारंवारता जितकी वाढवावी तितका ट्रान्सफॉर्मर लहान होतो. पूर्वीचे बॅटरी चार्जर लोखंडी गाभ्यामुळे उचलवत नसत आणि आता तेच काम ओंजळीत मावणाऱ्या डब्यात होते. वेग वाढवला की वस्तू लहान होते, पण वेग वाढवला की बटन तापते. या पेचातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे सॉफ्ट स्विचिंग.

शून्याची युक्ती

आमच्या बँकेच्या व्यवहारातील एक दाखला घेऊ. खाते बंद करायचे झाल्यास आम्ही प्रथम शिल्लक पाहतो. शिल्लक शून्य असेल तर एका सहीत खाते बंद होते, कोणाचे देणे नाही की घेणे नाही. रक्कम बाकी असताना खाते तोडले तर ती कोठेतरी अडकते आणि तक्रार उभी राहते. सॉफ्ट स्विचिंगमध्येही हेच केले जाते. बटनावरील व्होल्टेज शून्य होण्याची वाट पाहायची आणि मग ते चालू करायचे, किंवा प्रवाह शून्य होण्याची वाट पाहायची आणि मग ते बंद करायचे. पहिल्या प्रकाराला 'झिरो व्होल्टेज स्विचिंग' आणि दुसऱ्याला 'झिरो करंट स्विचिंग' म्हणतात.

परंतु हे शून्य आणायचे कोठून? त्यासाठी तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल आणि वीज साठवणारा कपॅसिटर यांची जोडी वापरतात. या जोडीत वीज झोक्यासारखी हेलकावे खाते. झोका वर गेला की क्षणभर थांबतो, खाली आला की जोरात असतो. त्याचप्रमाणे या जोडीतील दाब आणि प्रवाह आळीपाळीने वाढतात आणि शून्यावर येतात. याला अनुनाद म्हणतात. झोका देणारा जसा नेमक्या क्षणी हात लावतो, तसे बटन नेमक्या क्षणी उघडायचे किंवा मिटायचे.

शेगडीच्या पोटात

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची असते. शेगडी प्रथम तिचे एकदिश विजेत रूपांतर करते. या विजेचा माथा सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते आणि त्याच्या जोडीला कपॅसिटर असतो. साध्या शेगडीत बटन एकच असते. त्याला आयजीबीटी म्हणतात. ते चालू झाले की वेटोळ्यात प्रवाह वाढतो. बंद केले की तो प्रवाह कपॅसिटरकडे वळतो आणि बटनावरील दाब हजार व्होल्टच्या आसपास चढून झोक्यासारखा परत शून्याकडे उतरतो. आतील नियंत्रक त्या शून्यावर लक्ष ठेवून असतो. शून्य आले की तो बटन पुन्हा चालू करतो.

वेटोळ्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि भांडे स्वतःच तापते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचाच हा उपयोग आहे. लोखंडाच्या बुडात हे प्रवाह वरच्या पातळ थरात दाटतात, त्यांना अडथळा जास्त होतो आणि उष्णता भरपूर मिळते. ज्याला आपल्याकडे जर्मनचे भांडे म्हणतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या गंजात अडथळा फार कमी असतो, म्हणून साधी शेगडी त्याला ओळखतच नाही. भांडे घेताना बुडाला चुंबक चिकटतो का, हे पाहावे.

आणखी एक गोष्ट वाचकांनी पाहिली असेल. शेगडीचा आकडा अगदी कमी ठेवला, की ती थोडा वेळ तापते, थोडा वेळ थांबते. हा बिघाड नव्हे. कमी शक्तीवर झोक्याला पुरेसा जोर मिळत नाही, दाब शून्यापर्यंत उतरत नाही आणि बटन तापू लागते. म्हणून ती जोराने चालून मध्ये विश्रांती घेते. चहा मंद आचेवर ठेवला असता मध्येच उकळी थांबते, त्याचे कारण हेच होय.

जालन्याच्या भट्ट्या आणि पुढचा इतिहास

हेच काम मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर जालन्याकडे वळावे. बांधकामाच्या सळयांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्ट्यांत वितळवून पोलाद करतात. स्पंज आयर्न आपल्यालाही परके नाही. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस येथे ते पूर्वीपासून होते आणि आता सूरजागडच्या लोहखनिजावर चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथेही होऊ लागले आहे.

अशा भट्ट्यांत दीर्घकाळ थायरिस्टर हे बटन वापरले गेले. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ते १९५७ मध्ये तयार केले. ते हुकमाने चालू करता येते, परंतु हुकमाने बंद करता येत नाही. त्यातील प्रवाह शून्यावर आला तरच ते बंद होते. म्हणून भट्टीचे वेटोळे आणि कपॅसिटर यांच्या हेलकाव्यांचा आधार घेऊन त्याला शून्यावर आणले जाई. म्हणजे ज्याला आज आपण युक्ती म्हणतो, ती त्या काळी निकड होती.

पुढे हुकमाने बंद होणारी बटने आली. वर सांगितलेल्या आयजीबीटीच्या जडणघडणीत मद्रासमध्ये जन्मलेले आणि तेथील आयआयटीत शिकलेले बी. जयंत बालिगा यांचा वाटा मोठा आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना १९८० च्या सुमारास त्यांनी हे काम केले. आता शून्याची वाट पाहण्याची सक्ती उरली नाही. परंतु वेग वाढला, उष्णता वाढली आणि संशोधक पुन्हा शून्याकडे वळले. १९८५ मध्ये क्वांग-ह्वा लिऊ, रमेश ओरुगंटी आणि फ्रेड ली यांनी 'रेझोनंट स्विच'ची मांडणी केली. १९८६ मध्ये दीपक दिवाण यांनी 'रेझोनंट डीसी लिंक' ही कल्पना मांडली. या नामावलीत आपल्या देशातील माणसे आहेत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

विजेच्या गाडीत

पुण्याच्या बजाज कंपनीची विजेवरची चेतक स्कूटर जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. १ जून २०२२ रोजी एसटीची 'शिवाई' ही विजेवरची बस पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडीही याच मार्गावर धावली होती.

अशा गाड्यांमध्ये सॉफ्ट स्विचिंग कोठे असते, याविषयी गैरसमज होण्याचा संभव आहे. मोटर फिरवणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये बहुधा ते नसते. तेथे उघडझाप सेकंदाला साधारण दहा हजारांच्या घरात असते आणि तेवढे नुकसान सोसता येते. ते असते मुख्यतः चार्जरमध्ये आणि मोठ्या बॅटरीवरून दिवे, हॉर्न यांना कमी दाबाची वीज पुरवणाऱ्या भागात. चार्जरमध्ये 'एलएलसी' नावाची मांडणी बरीच वापरतात. त्यात दोन बटने आळीपाळीने चालतात. एक बंद झाल्यावर दुसरे लगेच चालू करत नाहीत, मध्ये अत्यल्प अवधी सोडतात. त्या अवधीत कॉइलमधील प्रवाह दुसऱ्या बटनावरचा दाब उतरवून शून्यावर आणतो आणि मग ते चालू होते. त्यामुळे चार्जर लहान होतो, कमी तापतो आणि रेडिओवर खरखरही कमी येते.

अर्थात ही युक्ती फुकट मिळत नाही. हेलकावे खाणारा प्रवाह तारांतून फिरत राहतो आणि त्याचे वेगळे नुकसान होते. भार हलका झाला की शून्य हुकते. म्हणून फायदा-तोटा मांडूनच रचना ठरवावी लागते.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुरुस्त केलेली शेगडी पुन्हा का जळते? पुष्कळदा फक्त जळालेले आयजीबीटी बदलले जाते. पण ते का जळाले, हे पाहिले जात नाही. समजा वेटोळे १०० मायक्रोहेन्रीचे आणि कपॅसिटर ०.३ मायक्रोफॅरडचा आहे. यांच्या हेलकाव्यांची वारंवारता सुमारे २९,००० येते. जुना होऊन कपॅसिटर ०.२ वर उतरला तर ती ३५,००० च्या पुढे जाते आणि दाबाचा माथाही अधिक चढतो. मग नवे बटन कितीही चांगले असले तरी ते टिकणार नाही. म्हणून बटन बदलण्यापूर्वी कपॅसिटर मोजावा, बटन चालवणाऱ्या भागाला योग्य दाब मिळतो की नाही ते पाहावे, पंख्यातील धूळ आणि झुरळे काढावीत, बटनाखाली उष्णता वाहून नेणारा लेप नव्याने लावावा. घरच्यांनी एवढे करावे, की २,००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर घेते, तेव्हा ती लहान सॉकेटवर लावू नये. आणि एक ताकीद : प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब काही काळ राहू शकतो. शिक्षण न घेता शेगडी उघडू नये.

समारोप

एलसीआर मीटर हे कपॅसिटर मोजण्याचे साधन फार महाग नाही. आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ते हाती घ्यावे आणि वरील हिशेब वहीत स्वतः सोडवून पाहावा. बारावीच्या भौतिकशास्त्रात कॉइल, कपॅसिटर आणि अनुनाद हे धडे आहेतच. परीक्षेपुरते ते पाठ करून सोडून देऊ नयेत. मुलचेऱ्यात असे दोन जाणते हात तयार झाले, तर कितीतरी शेगड्या माळ्यावरून खाली येतील आणि तितक्याच बायांची जळणासाठीची जंगलातली खेप वाचेल.