पेट्रोलची व्हॅन, डिझेलचे इंजिन

मांजरी बुद्रुक हे गाव पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठी आहे. गावाला रेल्वेचे स्टेशन आहे. ऊस, द्राक्षे आणि पालेभाजी ही इथली ओळखीची पिके. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले. शेताला लागून उंच इमारती उभ्या राहिल्या. तरी पहाटेच्या उपबाजारात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या अजून येतातच.

धडा नीट समजावा म्हणून आपण इथल्या एका शेतकऱ्याची गोष्ट घेऊ. त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांचे दीड एकर बागाईत. रोज भाजी बाजारात न्यायची. शिवाय हंगामात सासवडच्या सासुरवाडीहून सीताफळे आणि अंजीर भरून आणायचे. भाड्याच्या टेम्पोला पैसे मोजून तात्या कंटाळले होते. आपली स्वतःची गाडी असावी, असे त्यांच्या मनाने घेतले.

एके दिवशी परगावचा एक माणूस मोठी व्हॅन घेऊन आला. गाडी जुनी, पण रंग नवा. किंमतही कमी.

तो म्हणाला, "तात्या, गाडी मूळची पेट्रोलची. मी डिझेलचं इंजिन टाकलंय. आता खर्चच नाही बघा."

तात्यांनी रात्री पाटीवर हिशेब मांडला. आपणही मांडून पाहू. समजा, रोज ५० किलोमीटर जायचे आहे. पेट्रोलवर गाडी लिटरला १० किलोमीटर जाते. म्हणजे ५ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०४ रुपये धरले तर ५२० रुपये झाले. डिझेलवर तीच गाडी लिटरला साडेबारा किलोमीटर जाते. म्हणजे ४ लिटर डिझेल. लिटरला ९१ रुपये धरले तर ३६४ रुपये. रोजचे १५६ रुपये वाचले. महिन्याला २५ दिवस धरले तर ३,९०० रुपये.

हिशेब बरोबर आहे. तात्यांना रात्री झोप लागली नाही, यात नवल नाही.

सकाळी तात्यांची बायको म्हणाली, "अहो, पैशे द्यायच्या आधी मिस्त्रीबाबांना तरी दाखवा."

मिस्त्रीबाबांचे गॅरेज सोलापूर रस्त्याच्या कडेला. वय साठीच्या पुढे. शाळा फारशी नाही, पण चाळीस वर्षे हात काळे केलेले. तात्यांनी गाडी त्यांच्या अंगणात आणली. मागोमाग वहिनीही आल्या. त्या रात्रीच्या वर्गाला जातात आणि पिशवीत वही ठेवतात.

मिस्त्रींनी बॉनेट उघडले. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

मग म्हणाले, "तात्या, इंजिन बसवायला जागा लागते, तेवढंच बघितलंय या गड्यानं. बाकी काय लागतं ते बघितलंच नाही."

बाकी काय लागते, ते समजायला दोन इंजिनांतला फरक कळला पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र आत जातात. प्लगची ठिणगी पडते आणि भडका होतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आत नुसती हवा जाते. ती इतकी दाबली जाते की ती फार तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते ना? तीच गोष्ट, पण कितीतरी जास्त. पेट्रोलचे इंजिन हवा साधारण आठ-दहा पट दाबते. डिझेलचे सोळा ते बावीस पट. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलची बारीक फवार येते आणि आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डीझेल नावाच्या जर्मन इंजिनियराने १८९७ साली असे इंजिन नीट चालवून दाखवले. त्याच्याच नावावरून आपण तेलाला डिझेल म्हणतो.

एवढा दाब सोसायचा तर लोखंड जाड हवे. म्हणून डिझेलचे इंजिन वजनाला जड.

मिस्त्रींनी तात्यांना खाली वाकायला सांगितले. "पुढचे पाटे बघा. सपाट झालेत. गाडी रिकामी हाय अजून. अंजीर भरल्यावर काय होईल?"

विकणारा म्हणाला, "पाटे बदलता येतात हो."

"येतात की. रेडिएटरबी बदलता येतो. बॅटरी मोठी लागंल, स्टार्टर दणकट लागंल. डिझेलचं इंजिन कमी फेऱ्यांत ताकद देतं, म्हणून गिअर जमवावा लागंल. हे समदं पैशानं होतं. त्याचं मला काय नाय. ब्रेकचं बोला."

"ब्रेक चांगला लागतो," विकणारा म्हणाला.

"बघू तर."

मिस्त्रींनी सपाट जागा पाहिली. चाकांना पुढून-मागून दगड लावले. गिअर काढला. इंजिन बंद ठेवून त्यांनी ब्रेकचा पायडल चार-पाच वेळा दाबला. पायडल कडक झाला. मग पाय तसाच दाबून धरला आणि इंजिन चालू केले.

"आता पायडल थोडा खाली बसाया पायजे," ते म्हणाले. "तात्या, तुम्ही बसा इथं. सांगा, बसला का?"

तात्यांनी तसेच करून पाहिले. पायडल दगडासारखा. जराही हलला नाही.

असे का झाले? मोठ्या गाडीचा ब्रेक नुसत्या पायाच्या जोराने लागत नाही. पायडलच्या पुढे एक गोल डबा असतो. त्याला बूस्टर म्हणतात. त्याच्या एका बाजूची हवा ओढून घेतली की दुसऱ्या बाजूची हवा जोर लावते आणि आपल्या पायाला मदत करते. मग ती हवा ओढतो कोण? पेट्रोलच्या गाडीत इंजिनच ओढते.

एक गोष्ट करून पाहा. नाक चिमटीत अर्धे धरा आणि तोंड मिटून श्वास ओढा. छातीत ओढ बसते. पेट्रोलचे इंजिन असाच श्वास घेते. त्याच्या हवेच्या वाटेत एक झडप असते. आपण पाय थोडा दाबला की झडप थोडी उघडते. उतारावर पाय काढला की झडप मिटते आणि इंजिन आतून जोराने ओढत राहते. त्या ओढीला बूस्टरची नळी जोडलेली असते.

आता नाक सोडा आणि तोंड उघडे ठेवून श्वास घ्या. ओढ कुठेच बसत नाही. डिझेलचे इंजिन सहसा असे मोकळ्या तोंडाने श्वास घेते. त्याची ताकद कमी-जास्त होते ती डिझेल कमी-जास्त सोडून. म्हणून त्याच्यापाशी बूस्टरला द्यायला ओढच नसते. डिझेलच्या गाडीला हवा ओढण्यासाठी वेगळा पंप लावतात. त्याला व्हॅक्यूम पंप म्हणतात. या गाडीत तो नव्हता. बूस्टरची नळी बोळा कोंबून तारेने बांधली होती.

मिस्त्रींनी ती तार तात्यांना दाखवली. "सपाटीला, रिकाम्या गाडीला पाय जोरानं मारला की गाडी थांबती. म्हणून ह्याला वाटतं ब्रेक चांगला हाय. तुम्ही सासवडहून माल भरून येणार. दिवे घाट उतरणार. वळणामागून वळण. तिथं काय कराल?"

तात्या काही बोलले नाहीत. वहिनींचा भाऊ त्याच घाटाने माल आणतो.

विकणाराही गप्प झाला होता. तो लबाड माणूस नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. त्याला ज्याने इंजिन बसवून दिले, त्याने पंपाचा शब्दही काढला नव्हता.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण मिस्त्री, पूर्वी तर लोक सर्रास बदलायचे."

"बदलायचे तर. मीबी बदललीत," मिस्त्री म्हणाले.

ते खरेच आहे. दुसरी लढाई १९४५ साली संपली. लष्कराच्या लिलावात फोर्ड, शेवरलेट, डॉज अशा लॉऱ्या लोकांनी घेतल्या. त्या बहुतेक पेट्रोलच्या होत्या आणि पेट्रोल फार पीत. पुढे मद्रासला सिम्सन कंपनी पर्किन्सची डिझेल इंजिने करू लागली. सहा सिलिंडरचे ते इंजिन पेट्रोलच्या लॉरीत बसे. १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या साहाय्याने जमशेदपूरला डिझेलचे ट्रक बांधायला घेतले. मग मुळातच डिझेलची असलेली गाडी मिळू लागली. आपल्या पुण्यात बजाज टेम्पो कंपनीची मॅटाडोर आली. तिचे इंजिन जुन्या जीपमध्ये आणि ॲम्बॅसिडरमध्ये घालणारे मिस्त्री गावोगाव होते. सरकार डिझेलची किंमत बांधून ठेवी. पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरात मोठे अंतर असे. पेट्रोलचा दर २०१० साली आणि डिझेलचा २०१४ साली मोकळा झाला. तेव्हापासून हे अंतर पूर्वीसारखे राहिले नाही.

विहिरीवरचे इंजिन मात्र वेगळे. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तिची पाच घोड्यांच्या ताकदीची इंजिने शेतकऱ्यांच्या ओळखीची आहेत. "तेच गाडीत घातलं तर?" असे आमच्या वर्गात एकाने विचारले होते. पाच घोडे पाणी उपसतील. भरलेली व्हॅन चढावर ओढणार नाहीत.

मिस्त्री इंजिनाकडे पाहत असताना वहिनी गाडीचे कार्ड पाहत होत्या. या कार्डाला लोक आर.सी. म्हणतात. त्यावर गाडीचा नंबर, चेसिसचा नंबर, इंजिनचा नंबर, इंधन कोणते, हे सारे छापलेले असते. अक्षरे इंग्रजी असतात. वहिनींना इंग्रजी येत नाही. पण इंग्रजी आकडे त्यांना ओळखता येतात. अक्षराचे चित्र चित्राशी जुळवून पाहता येते.

"मिस्त्रीबाबा, इंजिनवरचा नंबर कुठं असतो?"

मिस्त्रींनी रॉकेलच्या फडक्याने इंजिनचा एक भाग पुसला. त्यावर खडू आडवा घासला. कोरलेले आकडे पांढऱ्यात काळे उठून दिसले. वहिनींनी कार्ड हातात धरले आणि एकेक आकडा बोटाने पाहिला.

"एकबी जुळत नाय," त्या म्हणाल्या.

"वहिनी, इंजिन बदललं. नंबर बदलणारच," विकणारा म्हणाला.

"मंग कार्डावर का नाय बदलला?"

याला त्याच्याकडे उत्तर नव्हते. इंधनाच्या रकान्यात पेट्रोलच होते.

या बाबतीत कायदा काय सांगतो, ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याचे ५२ वे कलम सांगते की कंपनीने गाडी जशी नोंदवून दिली, त्याहून ती आपल्या मनाने वेगळी करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. गॅसवर किंवा विजेवर चालवण्यासाठी मंजूर झालेले किट नियमाप्रमाणे बसवता येते. इंजिन बिघडले म्हणून त्याच जातीचे दुसरे घातले, तरी चौदा दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला कळवून कार्डावर नोंद करून घ्यावी लागते. पेट्रोलच्या व्हॅनमध्ये भंगारातले डिझेलचे इंजिन घालून ती रस्त्यावर आणणे यात बसत नाही.

कार्ड आणि गाडी जुळत नसली, तर आणखीही अडते. धुराची तपासणी पेट्रोलच्या गाडीची वेगळी आणि डिझेलच्या गाडीची वेगळी असते. कोणती करणार? अपघात झाला तर विमा कंपनी कार्ड पाहते आणि इंजिनही पाहते. गाडीची भरपाई ती नाकारू शकते. तात्यांच्या पाटीवरच्या ३,९०० रुपयांत ही रक्कम कुठेच धरलेली नव्हती.

तात्यांनी गाडी नको म्हणून सांगितले. विकणाऱ्याने किल्ली उचलली.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, कुठल्या वाटेनं जाणार?"

"घाटानं."

"नका जाऊ. गाडी इथंच राहू द्या. बसनं जा."

त्याने थोडे आढेवेढे घेतले. मग निघताना विचारले, "मग आता या गाडीचं करू काय?"

"जुनं इंजिन कुठंय?"

"घरीच पडलंय, गोठ्यात. रिंगा गेल्यात. धूर मारायचं, तेल खायचं."

"एवढंच व्हय? ब्लॉक फुटला नाय ना? मंग बोअर करून घेऊ. नवं पिस्टन, नव्या रिंगा. खर्च येईल, पण बदलायला गेला त्याच्याहून कमी."

विकणारा बसने गेला. व्हॅन तीन दिवस मिस्त्रींच्या अंगणात उभी होती. पोरे तिच्यात बसून खेळत. चौथ्या दिवशी तो एका छोट्या टेम्पोत जुने इंजिन घालून घेऊन आला. गोठ्यातले शेण त्याला अजून लागलेले होते.

मिस्त्रींनी तात्यांच्या घरी निरोप धाडला. वहिनी खडू घेऊन आल्या. त्यांनी इंजिन पुसले, खडू घासला, आणि कार्ड शेजारी धरून पहिल्या आकड्यापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शेवटच्या आकड्यापर्यंत सगळे जुळले.

तात्यांनी विकणाऱ्याला विचारले, "बोअर करून दिली तर काय घेशील?"