ऑड्युबनचे पोपट : चित्र हेही साधन

इतिहासाच्या अभ्यासात आपण शिलालेख, बखरी, कागदपत्रे यांना साधने मानतो. चित्राला मात्र शोभेच्या वस्तूंत जमा करतो. चित्र हेही साधनच असते, हे एका उदाहरणाने मला येथे मांडावयाचे आहे.

जॉन जेम्स ऑड्युबन याचा ‘द बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ हा चित्रसंग्रह १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध झाला. चित्रे एकूण ४३५. पक्षी खऱ्या आकारातच दाखवावयाचा, या हट्टापायी कागद सुमारे ३९ इंच उंच व २६ इंच रुंद घ्यावा लागला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांत रंग हाताने भरले. मिशिगन विद्यापीठाने १८३९ मध्ये ९७० डॉलर देऊन आपल्या ग्रंथालयासाठी याची प्रत घेतली. असा ग्रंथ काचेच्या पेटीत उघडा मांडला, की पाहणाऱ्यापुढे एका वेळी एकच चित्र असते.

समजा, ते सव्विसावे चित्र आहे. गोखरूच्या काटेरी फांद्यांवर सात कॅरोलायना पोपट दाटीने बसले आहेत. अंग हिरवे, डोके पिवळे, चोचीपाशी केशरी छटा. एका पिलाचे डोके अजून हिरवेच. प्रतिकृतीत हे चित्र पाहताना त्यातील चैतन्याने मी भारावून गेलो.

पण साधन म्हटले की प्रश्न आलाच : हे घडले कसे? उत्तर ऑड्युबननेच १८३१ च्या आपल्या ग्रंथात दिले आहे. हे पोपट थव्याने फळबागांवर व धान्याच्या गंज्यांवर उतरत. शेतकरी बंदूक चालवी. पडलेल्या सोबत्यांभोवती उरलेला थवा घिरट्या घालीत परत येई आणि तोही मारला जाई. चित्रासाठी चांगले नमुने निवडता यावेत म्हणून खुद्द ऑड्युबननेही थोड्याच बारांत टोपलीभर पक्षी पाडले. हे पोपट झपाट्याने कमी होत आहेत, अशी नोंदही त्याच लेखात आहे. पिंजऱ्यातील शेवटचा ज्ञात पोपट २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

चित्रात जी दाटी आपल्याला मोहविते, तीच सोबत न सोडण्याची सवय त्यांच्या नाशाला हातभार लावून गेली. म्हणून चित्र टाकून द्यावे काय? मुळीच नाही. पेंढा भरलेल्या कातड्यात रंग उरतो, वागणे उरत नाही. ते या चित्रात उरले आहे. चित्र खोटे नाही, अपुरे आहे. चित्रकाराचाच लेख शेजारी ठेवून ते वाचले, म्हणजे त्याची साक्ष पुरी होते.