जालना जिल्हा पाहायचा, तर खर्च किती?

जालन्यात पाहण्यासारखं आहे तरी काय, हा प्रश्न सगळ्यात आधी जालनेकरच विचारतो. पाहुणे आले की आपण त्यांना गाडीत घालून थेट वेरूळ गाठतो. खिशाचा विचार केला तर उलट करायला हवं. राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी देवी, जांब समर्थ, असईचं रणांगण, यांपैकी कुठंही तिकीट नाही. पैसे जातात ते चाकांवर. म्हणून घासाघीस करायची ती गाडीवाल्याशी.

जालना, राजूर, भोकरदन, असई आणि परत, ही फेरी साधारण दीडशे किलोमीटरची धरा. घरची गाडी लिटरला 15 किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर 1050 रुपयांत काम होतं. गाडी भाड्याची असेल तर दराच्या आधी एक गोष्ट विचारा: दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर लावणार? बाहेरगावच्या भाड्याला 250 किंवा 300 किलोमीटरची अट घालतात. दर 14 रुपये असेल तर दीडशेचे 2100 होतात, तीनशेच्या अटीनं 4200. वर चालकाचा भत्ता वेगळा. हे न विचारता मी एकदा गाडीत बसलो आणि न धावलेल्या किलोमीटरचे पैसे मोजून उतरलो. दिवसाचं ठोक भाडं ठरवा, इंधनासकट, आणि ते मोबाइलवर लिहून घ्या.

एवढे पैसे खर्चून असईला बघायचं काय? शेतं, आणि केळणा व जुई या दोन नद्या. पाटी वाचून भागेल अशी ही जागा नाही. घरून वाचून गेलात तरच पैसे वसूल. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथं आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीची ईस्ट इंडिया कंपनीची फौज शिंदे-भोसल्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढं उभी ठाकली. नदीला उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. गावं अशी वसली आहेत म्हणजे मधून ये-जा असणार, असा त्यानं अंदाज बांधला आणि तो खरा निघाला. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच माणूस. त्या काठावर उभं राहून उतार शोधायला मुलांना सांगा, तास कुठं गेला कळणार नाही.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. 1970 च्या दशकातल्या उत्खननात इथं हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. त्याचं साम्य थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या, आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. भोकरदनचं उत्खनित साहित्य पाहायचं तर छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं इतिहास वस्तुसंग्रहालय गाठा, पण विद्यापीठाच्या सुट्ट्या बघून. त्याच दिवशी बीबी का मकबरा जोडला तर माणशी 25 रुपये; वेरूळला 40, आणि तिथं मंगळवारी बंद. दोन्हीकडं पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

दक्षिणेची फेरी अंबड आणि जांबची, तीही साधारण दीडशे किलोमीटरचीच. जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, साल 1608. रामनवमीला जांबला, नवरात्रात मत्स्योदरीला आणि अंगारकीला राजूरला गर्दी इतकी, की गाडी लांब लावून चालावं लागतं. हिशेबात वेळ वाढतो, पैसा नाही.

सगळ्यात स्वस्त अर्थात एसटी. पूर्ण तिकीट 100 रुपये असेल तर पत्नीचे 50, पाच ते बारा वयाच्या मुलाचे 50, आणि 75 पार केलेल्या आजी फुकट. आधार कार्ड मात्र हवं. चौघांचे दोनशे. राजूर, भोकरदन, अंबडला एसटीनं भागतं. असईला परतीची गाडी किती वाजता, हे भोकरदनच्या स्थानकात विचारल्याशिवाय पुढं निघू नका.

आता कुणा पाहुण्याला वायनरीत जाऊन वाइन चाखायची असेल तर? त्यासाठी नाशिक गाठावं लागतं. समृद्धी महामार्गानं सिन्नरकडं उतरलात तर तिथवरचं अंतर सुमारे 200 किलोमीटर. कारला किलोमीटरमागं 2.06 रुपये टोल धरला तर एका बाजूचे चारशेच्या वर, इंधन आणि मुक्काम वेगळा. चाखण्याचा दर वायनरीगणिक आणि वारागणिक बदलतो, तेव्हा आरक्षण करतानाच विचारा. वय 21 पूर्ण हवं, 2 ऑक्टोबरला कोरडा दिवस, आणि परतीला गाडी कोण चालवणार ते निघण्याआधी ठरवा. तपोवन एक्सप्रेसनं गेलात तर हा प्रश्नच उरत नाही.

माझं विचाराल तर वाइनपेक्षा द्राक्षं बरी. जालन्याजवळच्या कडवंची गावानं पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर कोरडवाहू माळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, बागवाल्याला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, आणि परतताना चार किलो विकत घ्या.