बियाण्याच्या पाकिटामागचा मालक कोण?

प्रश्न : परसबागेसाठी टोमॅटो, वांगी, दुधीचं बियाणं आणायचं आहे. बहुतेक कंपन्या परदेशी मालकीच्या झाल्या आणि संकरित बियाणं म्हणजे जीएमच, असं ऐकते. मनाला पटेल असं बियाणं कुठून घ्यावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मालकीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. 'सेमिनिस' ही भाजीपाला बियाण्यांची कंपनी 2005मध्ये मोन्सॅन्टोने घेतली आणि 2018मध्ये मोन्सॅन्टोच बायरकडे गेली. पाकिटावरचं नाव मात्र तेच राहिलं. म्हणून ब्रँडसोबत उत्पादकाचं नावही वाचा.

मात्र संकरित म्हणजे जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं, नव्हे. संकरित बियाणं दोन निवडक वाणांच्या परागीभवनातून तयार होतं. बीटी वांगं हे जीएम वाण, पण त्याच्या लागवडीला 2010मध्ये स्थगिती देण्यात आली. आपल्याकडे कोणत्याही जीएम भाजीच्या लागवडीला परवानगी नाही.

मोठ्या कंपन्या टाळायच्या असतील, तर राहुरीचं कृषी विद्यापीठ, महाबीज किंवा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का' वाण पाहा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्यांनी गावरान बियाणंही जपलं आहे.

बी घरी धरायचं असेल, तर 'सुधारित' किंवा गावरान वाण घ्या. संकरिताची पुढची पिढी एकसारखी येत नाही. टोमॅटो, घेवड्याचं बी धरणं सोपं असतं. दुधी, काकडीत परपरागीभवन होतं, तिथे एकच वाण लावा. विकत आणलेल्या रंगीत बियांना बहुधा बुरशीनाशक लावलेलं असतं. त्या मुलांपासून दूर ठेवा.

घरात एखादं संकरित पाकीट आधीच असेल, तर ते निःशंक पेरा.